उचल की उमेदवारी?

माणसांचा लिलाव हा शब्द उच्चारताना एके काळी सुसंस्कृत माणसाची जीभ अडखळत असे. आज त्यावर टाळ्या पडतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये नवी दिल्लीत हॉकी इंडिया लीगचा लिलाव झाला. हरमनप्रीत सिंग या बचावपटूवर ७८ लाखांची, अभिषेक या आघाडीवीरावर ७२ लाखांची बोली लागली. महिलांत उदिताला ३२ लाख मिळाले. खेळाडूच्या पदरात चार पैसे पडले याचे दुःख समाजवाद्याने करावे असे काही नाही. ज्या खेळाने देशाला ऑलिंपिकची आठ सुवर्णपदके दिली, त्या खेळातल्या माणसांना पिढ्यान् पिढ्या शाबासकीवरच वाटेला लावण्यात आले. तेव्हा प्रश्न ७८ लाखांचा नाही. प्रश्न यादीच्या तळाशी, २ लाखांच्या मूळ किमतीवर उभ्या असलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराचा आहे. त्याने कागदावर सही केली. पुढे काय?

चळवळीतील काही जाणत्या मंडळींचे यावर उत्तर ठरलेले असते. लीग हा धनिकांचा करमणुकीचा धंदा आहे, त्यात शिरणाऱ्याने आपले आपण पाहावे, संघटनेने आपली शक्ती कारखान्यांच्या फाटकावर खर्चावी. हे उत्तर सोवळे आहे, पण खरे नाही. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत शिकाऊ उमेदवाराच्या आणि कंत्राटी कामगाराच्या नावाने काय चालते, हे नाशिकच्या कार्यकर्त्याला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. अनुभवाची लालूच दाखवून काम पुरेपूर घ्यायचे, शिकवायचे मात्र नाही, आणि मुदत संपताच बाहेरचा रस्ता दाखवायचा, ही रीत त्याच्या चांगल्या परिचयाची आहे. करारावर सही करणारा तरुण आघाडीवीर त्याच रांगेत उभा आहे. त्याच्या गळ्यात हार असतो, एवढाच काय तो फरक.

ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्याला मुकादम हंगामापूर्वी उचल देतो. उचल हाती पडते तो दिवस सणाचा वाटतो. पुढचा सारा हंगाम ती फेडण्यात जातो. कोवळ्या खेळाडूच्या बाबतीत लिलावाची बोली हीच उचल ठरते. बोली लागल्या क्षणापासून मालक, वर्तमानपत्रे, गावकरी, इतकेच काय घरची माणसेसुद्धा त्याच्याकडे एकच हिशेब मागू लागतात : गोल किती केलेस?

हा हिशेबच मुळात चुकीचा आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस हॉकीतून ऑफसाइडचा नियम गेला आणि आघाडीवीराचे काम पार बदलून गेले. आज तो आपल्या संघाचा पहिला बचावपटू असतो. प्रतिपक्षाच्या बचावफळीला चेंडू बाहेर काढू न देणे, स्वतः चेंडूविना धावून दोन रक्षकांना आपल्यामागे ओढणे आणि सहकाऱ्याला जागा मोकळी करून देणे, वर्तुळात शिरून रक्षकाच्या पायावर चेंडू लावून पेनल्टी कॉर्नर मिळवणे, ही त्याची नित्याची कामे. कॉर्नर मिळवतो आघाडीवीर, गोल लागतो तो मारणाऱ्या बचावपटूच्या नावावर. लिलावातील सर्वांत मोठी बोली कॉर्नर मारणाऱ्यावर लागावी, यात त्या गुणी खेळाडूचा दोष नाही. पण बाजाराला कोणते श्रम दिसतात आणि कोणते दिसत नाहीत, ते यावरून कळते. हा बाजारभावही स्थिर नसतो. २०१६ आणि २०१७ च्या हंगामांत याच लीगने मैदानी गोल दोन गोलांच्या बरोबरीचा ठरवला. आघाडीवीराच्या घामाची किंमत एका ठरावाने दुप्पट झाली, आणि तशीच पुन्हा उतरलीही.

शिवाय जागेचा प्रश्न असतो. हॉकी स्टिकची एकच बाजू सपाट. उजव्या बगलेवरून गोलाकडे चेंडू मारणे हाताच्या स्वाभाविक वळणात बसते. डाव्या बगलेवर एक तर सारे अंग फिरवावे लागते, नाही तर उलट्या स्टिकचा फटका घोटून घोटून शिकावा लागतो. मधल्या आघाडीवीराला पाठीवर रक्षक घेऊन चेंडू झेलण्याची विद्या हवी. एकेक जागा अंगी मुरायला हंगामच्या हंगाम लागतात. आणि लीग चालते किती दिवस? २८ डिसेंबर २०२४ ते १ फेब्रुवारी २०२५, म्हणजे ३६ दिवस. एवढ्या अवधीत मालकाला सामना जिंकायचा असतो, मुलगा घडवायचा नसतो. म्हणून आज डावीकडे, उद्या उजवीकडे, परवा राखीव बाकावर अशी त्याची रवानगी होते, आणि अखेरीस त्याच्याच नावापुढे शून्य गोलांची नोंद उरते.

मग आघाडीवीर घडतो कुठे? धनराज पिल्ले हे खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढले. मोडक्या स्टिक दोरीने बांधून खेळले. थोरले बंधू आरसीएफकडून खेळत, त्यांच्या आधाराने ते मुंबईत आले. पुढे महिंद्राकडून आणि इंडियन एअरलाइन्सकडून खेळले. वर्षभराची नोकरी, वर्षभराचा सराव आणि महिन्याच्या महिन्याला पगार यांच्या बळावर चार ऑलिंपिक खेळलेला आघाडीवीर उभा राहिला. युवराज वाल्मीकी मुंबईत मरीन लाइन्सला विजेवाचून असलेल्या खोलीत वाढला. त्याला घडवले ते मर्झबान पटेल यांच्यासारख्या, आयुष्य शाळकरी पोरांवर उधळणाऱ्या गुरूने. फलटण तालुक्यातील शेतकरी घरांतल्या मुली भारतीय संघापर्यंत पोहोचल्या त्या शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून. पेरणी एकाची, कापणी दुसऱ्याची, हा न्याय शेतात चालत नसेल तर मैदानावर का चालावा?

नाशिक जिल्ह्याला ही गोष्ट वेगळ्या वाटेने ठाऊक आहे. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्यपदक मिळवले. तिच्यामागे विजेंद्रसिंग हे क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षक होते. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ दुष्काळी गावातून निघाला आणि नौकानयन शिकला ते लष्करात गेल्यावर. धावायला निदान रस्ता पुरतो. हॉकीला १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून कृत्रिम मैदान लागते. त्याला कोट्यवधी रुपये लागतात आणि खेळापूर्वी भिजवायला पाणी लागते. गरिबाच्या मुलाने ते स्वतःच्या हिमतीवर आणावे कुठून? ते सार्वजनिक पैशातूनच उभे राहते. आणि २०२४ च्या लिलावात उतरलेल्या पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राच्या नावाचा एकही संघ नव्हता! इथल्या मुलाने परक्या शहराच्या नावाने खेळायचे आणि हंगाम संपल्यावर पिशवी उचलून घरी यायचे.

जो तोंड उघडतो त्याचे काय होते, याचाही दाखला आहे. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत ३२ वर्षांनी सुवर्णपदक आणणाऱ्या संघाचे कर्णधार पिल्ले होते. लगेच त्यांना व इतर ज्येष्ठांना ‘विश्रांती’ देण्यात आली. मानधन आणि सोयींविषयी बोलल्याची ती शिक्षा होती, असेच सर्वत्र मानले गेले. २०११ साली ओर्डोस येथे पाकिस्तानला हरवून आशियाई चँपियन्स करंडक जिंकणाऱ्या खेळाडूंपुढे प्रत्येकी २५,००० रुपये ठेवले गेले, तेव्हा त्यांनी ते एकमुखाने नाकारले. आणि मग केंद्रीय क्रीडा खात्याला हात सैल करावा लागला. एकट्याने बोलणे आणि सर्वांनी मिळून बोलणे यांतला फरक कामगाराला नवा नाही.

तेव्हा मागणी करायची ती नेमकी करावी. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा उमेदवाराला कामगार मानत नाही, हा त्याचा दोष. पण त्याला धंदा शिकवण्याचे बंधन तो मालकावर घालतो. तेवढे तरी बंधन लीगच्या करारात यावे. चोवीस जणांच्या संघात चार कनिष्ठ खेळाडू असलेच पाहिजेत, असा दंडक २०२४ च्या लिलावात होता. पण यादीतले नाव म्हणजे मैदानातला खेळ नव्हे. ठरावीक मिनिटे मैदानावर, ठरलेली जागा, दुखापत झाल्यास बरे होईपर्यंत उपचार आणि मानधन, हंगामानंतर ज्या प्रबोधिनीने त्याला घडवले तिला बोलीचा वाटा, आणि मुलाच्या आईबापांना वाचता येईल अशा मराठीत कराराची प्रत, या गोष्टी कलमांत लिहून घ्याव्यात. मुलींच्या संघांची थैली मुलांच्या निम्मी, ४ कोटींस २ कोटी, हा अन्यायही त्याच बैठकीत मांडावा.

असे अडवले तर मालक पळून जातील, ही भीती घातली जाईल. कारखान्यांतही ती घातली जाते. २०१२ च्या वर्ल्ड सीरीज हॉकीचा दुसरा हंगाम झालाच नाही, आणि पहिल्याच्या मानधनासाठी अनेकांना तिष्ठत राहावे लागले. हॉकी इंडिया लीगही २०१७ नंतर जवळपास आठ वर्षे बंद पडली होती, ती काही खेळाडूंनी संप केला म्हणून नव्हे.