ढोलीतला बाप

२६ सप्टेंबर २०१६ रोजी अमेरिकेत अटलांटाच्या वनस्पती उद्यानात टफी नावाचा बेडूक मेला. ‘रॅब्ज फ्रिंज-लिंब्ड ट्री फ्रॉग’ या जातीचा जगाला माहीत असलेला तो शेवटचा जीव. जातीचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं २००८ साली. म्हणजे बारसं आणि निरोप यांत आठच वर्षं.

पनामातल्या एल व्हाये दे आंतोन गावाच्या वरचं डोंगरी जंगल हे त्याचं घर. उंचावरून झेप घ्यायची आणि पंजांचे रुंद पडदे पसरून तरंगत खाली यायचं, ही त्याची खासियत. संसार मात्र झाडाच्या ढोलीत साठलेल्या पाण्यात. अंडी घालून मादी निघून जाई, राखणीला नर राही. तो पाण्यात अंग बुडवून बसे आणि पिल्लं त्याच्या पाठीची कातडी कुरतडून खात. बापपण निभावायचं ते असं!

२००५ मध्ये संशोधकांनी काही बेडूक तिथून हलवले, कारण बेडकांचा जीव घेणारी कायट्रिड बुरशी सरकत येत होती. पुढच्याच वर्षी ती पोहोचली. शिवाय बंगल्यांसाठी झाडं पडतच होती. जुनं पोकळ झाड गेलं की ढोली गेली. रोपं लावून ती परत मिळत नाही.

या बुरशीचा आशियाई प्रकार उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांतही आढळल्याची नोंद २०१३ मध्ये झाली. तेव्हा ती आपल्याकडून पसरू नये म्हणून पावसाळ्यात आंबोलीला जाणाऱ्या वाचकांनी फोटोसाठी बेडूक हातात घेऊ नयेत आणि चिखलाचे बूट धुऊन, वाळवूनच पुढच्या रानात न्यावेत.