पाच धावपटू, पंधरा गुण

आपल्या गावाकडच्या कॉलेजांत खेळाचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं: बजेट नाही. ग्राउंड नाही, किट नाही, म्हणून टीम नाही. मला हे उत्तर पटत नाही, आणि त्याचं कारण अमेरिकेतलं एक आडगावचं कॉलेज आहे.

कोलोरॅडो राज्यातल्या अलामोसा गावात अॅडम्स स्टेट आहे. १९२१ साली शिक्षक घडवण्यासाठी त्याची स्थापना झाली. आजूबाजूला बटाट्याची शेती, गरीब वस्ती, हिवाळ्यात हाडं गोठवणारी थंडी. तिथे १९६५ पासून जो व्हिजिल हे प्रशिक्षक होते, त्याच खोऱ्यात वाढलेले. सुमारे तीन दशकांत त्यांच्या संघांनी १९ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली.

त्यांनी भर दिला तो क्रॉसकंट्रीवर, म्हणजे माळरानावरच्या लांब धावण्यावर. या खेळाचा हिशेब बघा, इंजिनिअर म्हणून मला तो फार आवडतो. संघात सात जण धावतात, पहिल्या पाचांचे क्रमांक मोजले जातात, ज्याची बेरीज सर्वांत कमी तो संघ जिंकतो. तुमचा हिरो पहिला आला आणि पाचवा मुलगा नव्वदावा, तर हिरोचा काही उपयोग नाही. म्हणून एक महागडा स्टार आणून काम भागत नाही, पाचव्या मुलाला घडवावंच लागतं. त्याला लागतो तो वेळ आणि जाणकार माणूस. व्हिजिल यांनी व्यायामाच्या शरीरशास्त्रात डॉक्टरेट केली होती. ट्रेनिंग ते अंदाजाने देत नव्हते.

१९९२ साली कॉलेज एनसीएएच्या दुसऱ्या विभागात नवंच आलं होतं. त्या राष्ट्रीय शर्यतीत पहिले पाचही क्रमांक त्यांच्याच मुलांचे. एक, दोन, तीन, चार, पाच: बेरीज पंधरा. याहून कमी गुण शक्यच नाहीत.

कुणी म्हणेल, अलामोसा समुद्रसपाटीपासून सुमारे २३०० मीटरवर आहे, विरळ हवेचा फायदा मिळणारच. मिळतो, नाकारत नाही. १९६८ ची ऑलिम्पिक मॅरेथॉन निवड चाचणी त्याच कारणाने तिथे झाली, कारण मेक्सिको सिटीही जवळपास तितक्याच उंचीवर. पण ती उंची व्हिजिल येण्याआधीही होतीच. आणि त्यांच्यानंतर सूत्रं गेली ती तिथेच धावलेल्या डेमन मार्टिन यांच्याकडे. मुलींचे संघही राष्ट्रीय विजेते झाले. माणूस टिकला आणि त्याने पुढचा माणूस तयार केला, हे उंचीपेक्षा दुर्मिळ आहे.

आपल्याकडे उलटं चालतं. दहा खेळांत थोडं थोडं, वार्षिक क्रीडादिनाला पाहुणे, ट्रॅकसूट, फोटो. क्रीडा शिक्षक कंत्राटी असेल तर दोन वर्षांत निघून जातो आणि त्याच्याबरोबर सगळं ज्ञानही. ललिता बाबर साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातली, अविनाश साबळे बीडचा. दोघंही स्टीपलचेसमध्ये ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोचले. म्हणजे धावणारी पोरं आपल्या मातीत आहेत. आपल्या संस्थांच्या कॉलेजांतही असतील, विशेषतः मुली, ज्यांना कुणी विचारतच नाही.

प्रवेशाच्या पावतीवर जिमखाना फी लिहिलेली असते. ती तुम्ही भरता. या जूनमध्ये चार-पाच जण मिळून प्राचार्यांकडे जा आणि अदबीने दोनच गोष्टी विचारा: ही रक्कम कशावर खर्च होते, आणि एकच खेळ निवडून एकाच प्रशिक्षकाला पाच वर्षं ठेवायला किती लागतील?