घमेल्यांतील मेथी

दिवाळी उलटून बोरी नदीवरून पहांटेचा गार वारा येऊं लागला कीं, अमळनेरच्या बाजारांत मेथी, पालक, शेपू यांचे ढीग लागतात. भाव इतका उतरतो कीं, “घरीं कशाला लावायची?” असें कोणीहि विचारावें. काटकसरीच्या दृष्टीनें तो प्रश्न रास्त आहे. परंतु आमचें म्हणणें काटकसरीचें नाहीं.

खानदेशांत थंडीची खरी भाजी पूर्वी विकत घ्यावी लागतच नसे. हरभरा वीतभर वाढला म्हणजे त्याचे शेंडे खुडावे, त्यायोगें झाड पसरतें व फांद्या अधिक फुटतात, हें शेतकऱ्यास पक्कें ठाऊक. म्हणून मजुरीस आलेल्या बाईनें ओटींत दोन मुठी पाला नेला तर मालक रागावत नसे. तिनें त्याचें कामच केलेलें असे. घरीं तो आंबट पाला बारीक चिरून, त्यांत कांदा, हिरवी मिरची, शेंगदाण्याचा कूट व कच्चें तेल घातलें कीं घोळाणा झाला. सोबत दादरची ऊन भाकरी असली म्हणजे दुसरें कालवण कोण मागतो? आतां घाटेअळीसाठीं हरभऱ्यावर विषारी औषधें फवारतात. शेतकऱ्यास आम्ही दोष देत नाहीं. त्याचें वर्षाचें पीक त्यावर अवलंबून असतें. पण कोणतें शेत केव्हां फवारलें हें खुडणाऱ्या बाईस कोण सांगणार? गरिबाच्या ताटांत फुकट येणारी भाजी अशी हातची गेली. आणि घरांत भाजी थोडी असली म्हणजे ती प्रथम कोणाच्या ताटांतून नाहींशी होते, हें वाचकांस ठाऊक आहेच.

ही हानि लहान नव्हे. लूसी विल्स नांवाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई १९२८ सालीं हिंदुस्थानांत आल्या व मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या पांडुरोगाचा त्यांनीं अभ्यास केला. दोष आहारांत आहे व यीस्टच्या अर्कानें या स्त्रिया बऱ्या होतात, असें त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांतील गुणकारी द्रव्य पुढें १९४१ सालीं अमेरिकेंत पालकाच्या पानांतून वेगळें काढलें गेलें. फोलिक आम्ल हें त्याचें नांवहि लॅटिनमधील ‘पान’ या शब्दावरून पडलें. फार शिजविल्यानें तें बरेंच नाश पावतें. मग कच्चा घोळाणा करणाऱ्या आमच्या आज्यांस अडाणी कोणीं म्हणावें? वर लिंबू पिळलें तर पाल्यांतील लोहहि अधिक अंगीं लागतें.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत (२०१९-२१) देशांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ स्त्रियांच्या रक्तांत उणेपणा आढळला. प्रार्थनेच्या वेळीं घेरी येऊन खालीं बसणाऱ्या मुली पाहिल्या म्हणजे हा आंकडा आम्हांस दूरचा वाटत नाहीं. एका भाजीनें सर्व भागेल असें नाहीं. दवाखान्यांतील लोहाच्या गोळ्या घ्याव्यातच.

अंगण नाहीं, पाणी नाहीं, ही सबब मात्र आम्हांस पटत नाहीं. तळास भोकें पडलेलें घमेलें, माती व शेणखत, आणि डब्यांतील मूठभर मेथ्या एवढें पुरतें. डाळ-तांदूळ धुतलेलें पाणी तिला घालावें. महिन्याभरांत ती खुडण्याजोगी होते. पालक लावल्यास मुळासकट उपटूं नये, कापला कीं पुन्हा फुटतो.

गेल्या हिवाळ्यांत आम्ही आठवीच्या मुलांस (मुद्दाम मुलांसच, मुलींस नव्हे) असें एकेक घमेलें सांभाळावयास सांगितलें. एकाचे वडील शाळेंत येऊन म्हणाले, “सर, मुलाला शिकायला पाठवलें कीं माळी व्हायला?” आम्हांस तत्काळ उत्तर सुचलें नाहीं. पौषांत तोच मुलगा डब्याच्या झांकणांत चिमूटभर घोळाणा घेऊन आला.

“एवढाच?” आम्ही विचारलें.

“अर्धी मेथी बकरीनें खाल्ली, सर. उरली ती आईला आधीं वाढली.”