पाव्हणे काहून येत नाहीत?

गेल्या हिवाळ्यात धाड परिसरातील एका प्रॉटेस्टंट मंडळीकडे सातासमुद्रापलीकडच्या भागीदार मंडळीचे चार तरुण स्वयंसेवक पंधरा दिवसांसाठी आले होते. त्यांनी बालवाडीची भिंत रंगवली, मुलांना गाणी शिकवली, छायाचित्रे काढली आणि डोळे पुसत निरोप घेतला. पुढच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एका शेतमजूर बाईने मला विचारले, “फादर, आपल्याकडे असे पाव्हणे काहून येत नाहीत?”

मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता, म्हणून त्याचे उत्तर येथे देत आहे. ते काहींना कडू लागेल.

प्रथम न्यायाचे बोलू. देवाणघेवाणीच्या बाबतीत प्रॉटेस्टंट बंधूंनी आपल्यापेक्षा अधिक उघडपणे आत्मपरीक्षण केले आहे. १९७१ साली केनियाचे जॉन गाटू यांनी पाश्चात्त्य मंडळ्यांना सरळ सांगितले, की तुमचे मिशनरी आणि तुमचा पैसा काही काळ थांबवा, म्हणजे आम्ही आमच्या पायांवर उभे राहू. १९७४ साली लुसाका येथे आफ्रिकेतील मंडळ्यांच्या परिषदेने ही मागणी उचलून धरली. १७९५ साली स्थापन झालेल्या लंडन मिशनरी सोसायटीच्या परंपरेतून १९७७ साली कौन्सिल फॉर वर्ल्ड मिशन उभी राहिली. तिचे तत्त्व असे, की कोणी केवळ दाता नाही, कोणी केवळ याचक नाही. माणसे आणि साधने सर्वांनी सर्वांसाठी वाटून घ्यायची.

तत्त्व उत्तम आहे. व्यवहार काय सांगतो? तिकडून विशीतला विद्यार्थी येतो. इकडून जातो तो बहुधा पदाधिकारी, आणि तोही परिषदेपुरता. मजुराच्या मुलीला तिकडच्या बालवाडीत वर्षभर शिकवायला कोण बोलावतो? जर्मन सरकारने २००८ साली तरुण स्वयंसेवकांना परदेशी पाठवण्याची ‘वेल्टवेर्ट्स’ योजना सुरू केली, तिचा लाभ चर्चसंस्थांनीही घेतला. पण दक्षिणेकडील तरुणांना जर्मनीत येण्याचे दार तिच्यात २०१३ साली उघडले. रस्ता एकेरी असेल, तर त्याला देवाणघेवाण म्हणू नये. तो पाहुणचार आहे. आणि पाहुणचाराचा खर्च यजमानाच्या घरातून होतो. ती बालवाडीची भिंत गावच्या रंगाऱ्याने दोन दिवसांत रंगवली असती, आणि त्याच्या घरची चूल पेटली असती.

“पण त्या मुलांची मने तर बदलली ना?” असा आक्षेप येईल. बदलली असतील, मला त्याचा आनंदच आहे. परंतु आपले दारिद्र्य ही दुसऱ्याच्या मन:परिवर्तनाची शाळा व्हावी काय? आणि ती शाळा असेल, तर शिक्षकाचा मान आपल्याला मिळायला नको काय?

असा मान मिळाल्याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेथे देशोदेशींचे डॉक्टर आणि विद्यार्थी आले, ते शिकण्यासाठी. आणि त्यांना शिकवणाऱ्यांत खेड्यांतल्या आरोग्यसेविका होत्या, ज्यांपैकी कित्येकींनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. आपल्या शेजारच्या जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे नारायण शेषाद्री १८७३ साली न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत गेले, ते व्यासपीठावर बोलण्यासाठी. आणि येणाऱ्याने कसे यावे, हे फादर थॉमस स्टीफन्स यांनी दाखवले. १५७९ साली ते गोव्यात उतरले, येथील भाषा त्यांनी आपली केली आणि १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापून दिले. पंधरा दिवसांत भिंत रंगते. भाषा येत नाही.

आता आपल्या अंगणात येऊ. १९५७ साली पोप बारावे पायस यांनी ‘फिदेई दोनुम’ या परिपत्राद्वारे धर्मप्रांतांना आवाहन केले, की गरजू ख्रिस्तसभांना, विशेषतः आफ्रिकेतील, आपले धर्मगुरू काही काळासाठी द्या. विपुलतेतून नव्हे, तर आपल्या तुटपुंज्यातून देण्याची ती हाक होती. आज आपले भारतीय धर्मगुरू जर्मनीतील धर्मग्राम सांभाळतात. मला त्यांचा अभिमान आहे. परंतु ते तेथे दान म्हणून जातात, की रिकाम्या जागेवरील बदली म्हणून? आपल्या वस्त्यांतील आजी मिस्साची वाट पाहत बसते, तेव्हा हा हिशेब कोणी मांडतो काय? तिकडून आपल्याकडे काय आले, असे विचारले, तर बहुतेकदा एकच उत्तर मिळते: देणगी. माणसाच्या बदल्यात पैसा, याला शुभवर्तमानाच्या भाषेत देवाणघेवाण म्हणत नाहीत. संत पौलाने तरुण, नवख्या मंडळ्यांकडून वर्गणी गोळा करून ती जेरुसलेमच्या मातृमंडळीला नेऊन दिली, हे आपण का विसरतो?

बाई, तुमच्या प्रश्नाला हे माझे उत्तर. पाव्हणे येत नाहीत याचे दुःख मानू नका. दुःख याचे माना, की त्या प्रॉटेस्टंट मंडळीच्या दारी आपण स्वतः कधी गेलो नाही. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याचा हुकूमनामा दिला. त्यासाठी विमानाचे तिकीट लागत नाही. त्यांची परिचारिका महिन्यातून एकदा आपल्या वस्तीत येवो, आपली धर्मभगिनी त्यांच्या मुलींना शिवण शिकवो, नाताळची गाणी दोन्हीकडच्या तरुणांनी एकत्र बसवावीत. पुढच्या वर्षी परदेशी पाहुणे आले, तर त्यांनाही बोलावू. मात्र आधी मराठी शिकून या, आणि जाताना आमची एक मुलगी शिक्षिका म्हणून सोबत न्या, असे सांगू.

या अटीवर जे येतील, त्यांच्यासाठी चहा मी स्वतः ठेवीन.