'रिगी केला' म्हणजे नक्की काय केलं?



गेल्या महिन्यात भिशीला एकीने मोबाईलवर स्वित्झर्लंडचे फोटो दाखवले. "टिटलिस केला, रिगी केला, सगळं केलं!" मी सहज विचारलं, "रिगीवरून तळी किती दिसतात गं?" ती गोंधळली. तिला हसायचा मला काही हक्क नाही. चार वर्षांपूर्वी मीही रिगी असाच 'केला' होता, तोही सासूबाईंना घेऊन. त्याची रुखरुख अजून जात नाही, म्हणून आज जरा चिडूनच लिहितेय.

आमच्या कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं, 'लुसर्न सरोवर व रिगी पर्वत, अर्ध्या दिवसाची सहल, मार्गदर्शकासह.' वाचायला किती छान! आता हिशोब बघा. लुसर्नहून फिट्सनाउपर्यंत बोटीने साधारण तास. तिथून दातेरी रुळांच्या गाडीने वर जायला अर्धा तास. उतरायला पुन्हा तेवढाच वेळ, आणि पन्नास जणांची मोजदाद प्रत्येक ठिकाणी. माथ्यावर आमच्या वाट्याला आली पन्नास मिनिटं. त्यातली वीस स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली, पंधरा ग्रुप फोटोत. उरलेल्या वेळात सासूबाई एका बाकावर टेकल्या. म्हणाल्या, "थोडं बसू दे गं, डोळे निवतायत." तेवढ्यात शिट्टी वाजली.

एवढी घाई कशाची होती? जेवणाची! दीड वाजता खाली भारतीय हॉटेलात टेबल ठरलेलं. आणि मी कुरकुर केली तेव्हा उत्तर काय मिळालं, तर "तुम्हा जैन लोकांचं सगळं वेळेत लागतं ना, संध्याकाळचंही लवकर उरकायचं असतं."

इथे माझा खरा राग आहे. जूनमध्ये लुसर्नला सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. दिवस बुडायच्या आत जेवायचं म्हटलं तरी रिगीवर सहा वाजेपर्यंत बसता आलं असतं! आपला नियम कुणाच्या आड येत नव्हता. दुपारनंतर खरेदीच्या दुकानांत न्यायचं होतं, म्हणून डोंगर अर्ध्या दिवसात बसवला होता. आपल्या धर्माचं नाव पुढे करून आपलाच वेळ कापला जातो आणि आपण मान डोलावतो.

दुपारच्या जेवणाचंही तेच. प्रत्येकीच्या बॅगेत दशम्या होत्या, खाकरे होते, बिनलसणाचं भडंग होतं. त्या बाकावर बसून खाल्लं असतं तर कंदमुळाची शंका नाही, वेटरला दहादा विचारणं नाही. आपण घरून डबा न्यायचा आणि तो हॉटेलच्या खोलीत संपवायचा, हे कुठलं शहाणपण?

दुसरं कारण सांगतात ते म्हाताऱ्या माणसांचं. "त्यांना झेपत नाही, म्हणून अर्धाच दिवस." उलट आहे हो! दुखऱ्या गुडघ्यांना घाई झेपत नाही. रिगीवर चढायला गाडी आहे आणि ती १८७१ पासून आहे, युरोपातली पहिली डोंगरगाडी. ती यायच्या आधी, १८६८ मध्ये, व्हिक्टोरिया राणीही रिगीवर जाऊन आली होती. तेव्हा धडधाकट नसलेल्यांना वर न्यायची सोय त्या डोंगराला नवी नाही. माथ्याच्या खाली काल्टबाड नावाचं गाव आहे, तिथे मोटारी नाहीत. तिथून फिर्स्टकडे जाणारी वाट जुन्या, बंद पडलेल्या रेल्वेच्या मार्गावरून जाते, त्यामुळे रुंद आणि जवळजवळ सपाट आहे. एका बाजूला खाली सरोवर, समोर बर्फाचे डोंगर. सासूबाई तिथे आरामात चालल्या असत्या. आम्हाला काल्टबाड फक्त गाडीच्या खिडकीतून दिसलं. ही सगळी माहिती मला घरी आल्यावर, वाचून कळली. मग मार्गदर्शक कशासाठी होता?

तिसरं कारण, "एकट्याने जाल तर हरवाल." अगं, बोट धक्क्याला लागते तिथेच समोर रिगीची गाडी उभी असते! वेळापत्रक मिनिटामिनिटाचं. स्विस ट्रॅव्हल पासमध्ये बोट आणि रिगीची गाडी दोन्ही येतात. दादरला गर्दीच्या वेळी लोकल पकडणारी बाई फिट्सनाउला हरवेल, हे मला कुणी पटवून द्यावं.

मी टूरवाल्यांच्या विरुद्ध नाही. त्यांच्यामुळेच आपल्यातल्या कितीतरी जणींनी पहिल्यांदा पासपोर्ट काढला. व्हिसा, विमान, जैन जेवण हे सगळं दुसऱ्याने बघितलं की घरचेही लवकर 'हो' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पण भाजीवाल्याकडे एकेक भेंडी मोडून बघणाऱ्या आपण, लाखो रुपये भरताना मात्र एक प्रश्न विचारत नाही.

विचारा. माथ्यावर नक्की किती वेळ? दुपारचं जेवण खालीच का? ज्यांना मागे थांबायचंय त्यांनी नंतरच्या गाडीने आणि बोटीने परत आलं तर चालेल का? खरेदीचे तास कमी करून डोंगराला द्याल का? चारजणींनी मिळून विचारलं तर कार्यक्रम बदलतो. एकीने विचारलं तर तिला 'कटकटी' म्हणतात. म्हणून चौघींनी विचारायचं.

सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. आता एवढा लांबचा प्रवास पुन्हा होणार नाही. त्या अजून कधीकधी म्हणतात, "तो बाक छान होता गं." त्यांना तिथे आणखी दोन तास बसवणं माझ्या हातात होतं. मी शिट्टी ऐकून उठले, आणि त्यांनाही उठवलं.

आणि हो, रिगीच्या भोवती तळी तीन आहेत. लुसर्न, झुग आणि लाउएर्झ. तुम्ही गेलात तर तिन्ही बघा. बसून बघा.