विश्लेषण : फायबरच्या भागांची गटखरेदी, साचा कुणाचा, जोखीम कुणाची?

ठाकुरवाडी (ता. कर्जत) : बोरघाटाच्या पायथ्याशी चार महिने पाऊस कोसळतो आणि जुन्या गाडीचा पत्रा गंजतो. बोनेट, मडगार्ड किंवा टप कंपनीकडून मिळेनासा झाला की गॅरेजवाला ‘फायबर’ सुचवतो. एकट्याला ते परवडत नाही. म्हणून एकाच मॉडेलचे दहा-बारा मालक एकत्र येतात, एक जण पैसे गोळा करतो आणि कारागिराला आगाऊ रक्कम देतो. कल्पना चांगली आहे; पण बहुतेकदा ती तोंडी विश्वासावर उभी असते, आणि तिथेच फसते.

गटखरेदीत स्वस्त नेमके काय होते?

फायबरचा भाग साच्यात घडतो. साच्याला मेण लावायचे, जेलकोटचा थर द्यायचा, मग काचतंतूंची मॅट आणि हार्डनर घातलेले रेझिन यांचे थर चढवायचे. खरा खर्च साच्याचा. पेणच्या गणपती कारखान्यांना हे गणित नवे नाही : साचा एकदा, मूर्ती अनेक. समजा, साच्याला ४० हजार आणि प्रत्येक बोनेटला ६ हजार रुपये लागतात. एकट्याला ते ४६ हजारांना पडेल. दहा जणांत प्रत्येकी १० हजारांना. पत्र्याच्या महागड्या डायपेक्षा हा साचा स्वस्त पडतो, म्हणूनच कमी संख्येच्या गाड्यांना फायबर सोयीचे ठरले. अमेरिकेत १९५३ मध्ये पहिल्या वर्षी जेमतेम ३०० शेव्हरोले कॉर्व्हेट तयार झाल्या, त्या फायबरच्या बॉडीच्या. आपल्याकडे १९८०च्या दशकात बेंगळूरुची सिपानी डॉल्फिनही तशीच होती.

मग अडते कुठे?

वरच्या उदाहरणात तिघांनी अंग काढून घेतले तर उरलेल्या सातांना बोनेट सुमारे ११,७०० रुपयांना पडते. हा फरक कुणी भरायचा, हे आधी ठरलेले नसते. दुसरे, साच्याचे पैसे गटाने दिलेले असतात. पण काम संपल्यावर कारागीर त्याच साच्यातून इतरांना माल विकतो. तिसरा प्रश्न दर्जाचा. रंग चढल्यावर आत मॅटचे किती थर आहेत, हे दिसत नाही. दमट हवेत मॅट ओलसर राहिली तर थर नीट धरत नाहीत आणि पुढे सुटू लागतात. त्यामुळे आपल्या भागात हे काम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत करून घेणे शहाणपणाचे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल, असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी गाडीमालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. गंजलेल्या बोनेटच्या जागी त्याच मापाचे बोनेट बसवणे वेगळे आणि कापडी टपाच्या गाडीला पक्का टप चढवणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात पैसे भरण्याआधी पनवेलच्या परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी.

फसवणूक झाल्यास दाद कुठे?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे कारागीर पुण्याचा असला तरी रायगडच्या ग्राहकाला अलिबागच्या जिल्हा आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. सारखेच गाऱ्हाणे असलेल्या अनेकांच्या वतीने आयोगाच्या परवानगीने एकत्रित तक्रारही करता येते. स्वतः गाडी चालवून पोट भरणाराही ‘ग्राहक’च असतो. मात्र पक्के बिल हवे. जीएसटी वाचवण्यासाठी कच्च्या पावतीवर समाधान मानणारा आपलाच पुरावा कमकुवत करतो. पैसे गोळा करणाऱ्यानेही लक्षात ठेवावे : त्याने मध्ये नफा ठेवला, तर तो मित्र न राहता विक्रेता ठरू शकतो.

करावे काय?

एक पानाचा करार पुरे. त्यात मॅटचे थर, जाडी, बिजागरीच्या जागी बसवायची लोखंडी पट्टी, मुदत आणि साच्याची मालकी लिहावी. पैसे तीन टप्प्यांत द्यावेत : नावे पक्की झाल्यावर साच्याचे, नमुना प्रत्यक्ष गाडीवर बसवून पाहिल्यावर मालाचे, उरलेले ताबा घेताना. सर्व व्यवहार बँकेतून व्हावेत आणि हिशेब सर्वांना दिसावा. मंजूर नमुन्याचे वजन करून ठेवावे. पुढचा भाग बराच हलका भरला, तर थर कमी पडल्याची शंका घ्यायला जागा आहे. काट्यावरची ही तपासणी कुणालाही जमते.

गावकीत लेखी मागणे म्हणजे अविश्वास, असा समज आहे. तो सोडायला हवा. दहा घरांचे पैसे एका माणसाच्या हाती असतात, तेव्हा कागद देणाऱ्याइतकाच घेणाऱ्यालाही वाचवतो. व्यवहार बिघडला, तर बोनेट दुसरीकडून मिळेल. पण शेजाऱ्याशी तुटलेले बोलणे सहज जुळत नाही.