सँटा चालतो, मग गोठा का नाही?

डिसेंबर आला की आपल्या कॉलेजच्या लॉबीत एक झाड उभं राहतं. प्लास्टिकचं. त्याच्यावर कापूस पसरलेला असतो, म्हणजे तो बर्फ! जिथे डिसेंबरातही दुपारी पंखा लावावा लागतो त्या पनवेलमध्ये बर्फ. शेजारी सँटा, आणि सँटाबरोबर फोटो काढायला रांग. याला कोणी हरकत घेतल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पण गेल्या डिसेंबरच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं, "झाडाखाली छोटासा गोठा करूया का?" तर एकदम शांतता. मग एक जण म्हणाला, "ते जरा रिलिजियस होईल ना." दुसरा म्हणाला, "कॉन्व्हेंटवाली ना ती!" सगळे हसले आणि विषय संपला. माझा संपला नाही, म्हणून हा लेख.

तर हो, मी कॉन्व्हेंटवाली आहे. (माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारणाऱ्या संपादकांना हे वेगळं सांगायला नको!) घरी गणपती-गौरी, शाळेत नाताळ, असं दहा वर्षं चाललं आणि त्यात काही विचित्र आहे असं कधी वाटलं नाही. शाळेतला गोठा आम्ही मुलंच करायचो. दिवाळीच्या किल्ल्यावर हळीव पेरतो ना, तशीच डिसेंबरच्या सुरुवातीला ताटलीत नाचणी पेरायची. नाताळापर्यंत हिरवंगार शेत तयार! गोव्यात आणि वसईतही असं करतात हे मला फार नंतर कळलं. एका वर्षी कोणीतरी किल्ल्यावरचा मावळा आणून मेंढपाळांमध्ये उभा केला. सिस्टरनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या तलवारीकडे पाहिलं, आणि त्याला दाराशी पहाऱ्याला ठेवलं.

गोठ्यातली मधली जागा सुट्टी लागेपर्यंत रिकामीच असायची. बाळ येतं ते २४ तारखेच्या रात्री. एकदा मी घरी येऊन आजीला मोठ्या ऐटीत समजावत होते की बाळाला 'मँजर'मध्ये ठेवतात, म्हणजे एक लाकडी बॉक्स असतो, त्यात गवत असतं, त्यातून गाई खातात... आजी म्हणाली, "अगं, मग गव्हाण म्हण की!" झालं. दहा वर्षं मी ज्याच्यासमोर गाणी म्हटली, त्याचं नाव मला कधी चर्चमध्ये न गेलेल्या आजीने सांगितलं. मराठी बायबलमध्येही तोच शब्द आहे, गव्हाणी.

आता जरा इतिहास, कारण 'रिलिजियस' म्हणणाऱ्यांना तो माहीत असावा असं मला वाटतं. हा देखावा सुरू करण्याचं श्रेय असिसीच्या संत फ्रान्सिसला देतात. साल १२२३, इटलीतलं ग्रेच्चो नावाचं डोंगरातलं गाव. नाताळाच्या पंधराएक दिवस आधी फ्रान्सिसने ओळखीच्या एका गृहस्थाला निरोप पाठवला की गव्हाण, गवत, एक बैल आणि एक गाढव तयार ठेव. त्या बाळाची सुरुवातीपासून कशी आबाळ झाली ते मला डोळ्यांनी बघायचंय. त्याचा पहिला चरित्रकार, चेलानोचा थॉमस, हे सगळं लिहून ठेवतो. त्याच्या वर्णनात मूर्ती नाहीत, सजावट नाही. गावकरी मशाली घेऊन आले, गव्हाणीपाशी मिस्सा झाली, बस्स. नंतर ते गवत लोकांनी जपून ठेवलं आणि आजारी जनावरांना खायला घातलं. शेतकरी शेवटी शेतकरीच!

हाच फ्रान्सिस चार वर्षं आधी, १२१९ मध्ये, धर्मयुद्ध चालू असताना इजिप्तमध्ये सुलतान अल-कामिलला निःशस्त्र भेटून आला होता. त्या वेळी पवित्र भूमीसाठी माणसं मरत होती. आणि हा माणूस गावाला सांगतो की बेथलेहेम तुमच्याच गावात आहे, तुमच्याच बैलाशेजारी. हा संबंध मी जोडतेय, कोणी पुस्तकात शोधू नये. पण मला तो पटतो.

गंमत म्हणजे शुभवर्तमानात बैल आणि गाढव नाहीतच. लूक गव्हाण सांगतो, मेंढपाळ सांगतो. मत्तय पूर्वेकडचे ज्ञानी लोक आणतो, पण ते तीन होते असं तो कुठेच म्हणत नाही. बैल आणि गाढव आले ते जुन्या करारातल्या यशयाच्या एका वचनावरून. चौथ्या शतकातल्या रोमन शवपेट्यांवर ते कोरलेले सापडतात. म्हणजे गोठ्याचा देखावा हा आधीपासूनच लोकांनी आपापल्या समजुतीने भर घालत केलेला आहे. नेपल्सच्या गोठ्यात मासेवाले, भाजीवाले, खानावळी सगळं असतं. तिथल्या सान ग्रेगोरिओ आर्मेनो या गल्लीतले कारागीर तर माराडोनाचीही बाहुली करतात! आणि आपल्याकडे? गोव्यात राहून मराठी शिकलेल्या फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' छापलं. ख्रिस्ताची कथा, आणि ती ओवीत. चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रजाला जे जमलं ते आपल्याला जमू नये? आपण अजून कापसाचा बर्फ लावतोय.

माझा खरा मुद्दा मात्र आजीच्या माहेराशी आहे. विमानतळासाठी आपल्या भागातली जी दहा गावं उठली, त्यातलं एक तिचं. मामाआजोबांचं नवं घर दोन मजली आहे, पार्किंग आहे, टाइल्स चकचकीत आहेत. आजी पहिल्यांदा गेली तेव्हा घराला एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "गोठा कुठाय?" कोणी उत्तर दिलं नाही. बैल आधीच विकले होते. मग विमानतळावरून प्रवासी विमानं सुरू झाली, ती तारीख होती २५ डिसेंबर २०२५. घरी सगळे टीव्हीवर बघत होते, मीही टाळ्या वाजवल्या. (सिव्हिलची विद्यार्थिनी आहे, रनवे बघून मला भरून येतं, काय करणार!) आजी बघत होती की तिच्या गावची टेकडी कुठे दिसते का.

सराईत जागा नव्हती म्हणून बाळाला गव्हाणीत ठेवलं, ही गोष्ट. ती आपल्या तालुक्यात कोणाला कळणार नाही? ती 'त्यांची' कशी? माझ्या वर्गातली वसईची मैत्रीण त्या मीटिंगमध्ये गप्प बसली होती. नंतर जिन्यात म्हणाली, "आमच्याकडे आजोबा पेंढा आणायचे. इथे मी कधी बोललेच नाही, वाटलं कोणी हसेल." आणि हसलेच ना सगळे. तिला सँटाबद्दल काहीही वाटत नाही. तिचा सण त्या गोठ्यात आहे आणि लॉबीत नेमका तोच नको.

धर्मनिरपेक्ष म्हणून सगळंच बंद करायचं असेल तर झाडही काढा, मी वाद घालणार नाही. पण दुकानातला सँटा चालतो आणि कोणाच्या तरी घरातला गोठा चालत नाही, हे मला पटत नाही.

येत्या डिसेंबरात मी परत विचारणार आहे. थर्माकोल नको, तसंही सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून महाराष्ट्रात बंदीच आहे. भात कापून झालेलं असतं, त्यामुळे पेंढा मिळेल. शाडूच्या मूर्तींसाठी पेणला जाऊन एखाद्या कारागिराला विचारता येईल. गणपती करणारे हात आहेत, त्यांना बाळ जड नाही. मेंढपाळांच्या शेजारी मला लुगडं नेसलेली एक म्हातारी हवी आहे.

गव्हाणीचं ड्रॉइंग मी काढलं आणि आजीला दाखवलं. तिने चष्मा लावून नीट बघितलं. म्हणाली, "उथळ झालीय. चार बोटं खोल कर, नाहीतर गाय तोंड घालेल आणि पोर खाली पडेल."